फोन आपला, बिऱ्हाड दुसऱ्याचं

मागच्या अंकात बॅटरी का फुगते ते लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं: नव्या फोनात कंपनीने भरून दिलेली अ‍ॅप्स न वापरताही बॅटरी खातात. फुगलेल्या बॅटरीबद्दल एक पत्र आलं, बाकी सगळी त्या एका वाक्याबद्दल. संपादक म्हणाले, "वाचकांनी विषय ठरवलाय, आता पळू नका."

पळत नाही. लॅमिंग्टन रोडवर वडिलांनी ज्या टेबलावर रेडिओ उघडले, त्याच टेबलावर मी आधी पेजर, मग नोकियाचे दगड आणि आता हे काचेचे नाजूक प्रकार उघडते. डिस्प्ले, चार्जिंग पिन, पाण्यात पडलेला फोन, हे रोजचं. पण अलीकडे गिऱ्हाईक धडधाकट फोन पुढे सरकवतं आणि म्हणतं, "ताई, बिघडलेला नाहीये. यातलं हे सगळं फक्त काढून द्या." पत्रं निवडून घेतली आहेत. नावं छापत नाही, ठिकाण पुरे.

मुलुंडहून एक निवृत्त शिक्षक लिहितात:
मुलाने वाढदिवसाला बारा हजारांचा फोन दिला. डब्यावर ६४ जीबी लिहिलं आहे, पण पहिल्याच दिवशी त्यातले जवळजवळ वीस भरलेले दिसले. कधी न पाहिलेले खेळ, खरेदीची दोन दुकानं, एक कर्जाचं अ‍ॅप, एक बातम्यांचं. काही डिलीट झाली, काहींना ते बटणच नाही. गेलेल्यांपैकी दोन अपडेटनंतर पुन्हा हजर! हे काय गौडबंगाल आहे?

गुरुजी, गौडबंगाल नाही, व्यवहार आहे. आधी जागेचं बघू. त्या वीस जीबीतला मोठा वाटा खुद्द अँड्रॉइडचा आणि त्यावर कंपनीने चढवलेल्या साजाचा असतो. तो कुठल्याच फोनात चुकत नाही, त्यावर रक्त आटवू नका. भांडण उरलेल्याशी आहे.

फोनच्या साठवणीत एक आतली खोली असते आणि एक बाहेरची. आतल्या खोलीत सिस्टिम राहते. तिथलं तुम्ही वाचू शकता, खोडू शकत नाही. बाहेरची खोली तुमची: फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, नातवाचे व्हिडिओ. कंपनीने बाहेरच्या खोलीत ठेवलेली अ‍ॅप्स तुम्हाला काढता येतात, तीच तुमची गेली. आतल्या खोलीत बसवलेल्यांना अनइन्स्टॉलचं बटण नसतं, फार तर 'डिसेबल' असतं. म्हणूनच फोनला रिसेट मारला की बाहेरची खोली धुऊन निघते आणि आतली मंडळी जशीच्या तशी बाहेर येऊन नमस्कार करतात. अपडेटनंतर परत आलेली दोन मात्र वेगळ्या वाटेने आली. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप-दुकान किंवा 'शिफारस' करणारं एखादं अ‍ॅप आतल्या खोलीत असतं, त्याला तुम्हाला न विचारता दुसरी अ‍ॅप्स बसवायचा अधिकार असतो. चोर पकडायचा तर तो पकडा. पाहुणे हाकलत बसू नका, पाहुणे आणणाऱ्याला डिसेबल करा.

आमच्या गिरगावात हे समजावायला वेळ लागत नाही. पागडीची चाळ विकत घेतली तरी भाडेकरू जागचा हलत नाही, नवा मालक नुसता जिना चढतो आणि उतरतो. तुम्ही ते नवे मालक. पागडीवाला निदान महिन्याचं चिमूटभर भाडं मालकाच्या हातावर ठेवतो. तुमच्या फोनातल्या भाडेकरूंचं भाडं मात्र कंपनीकडे पोचतं झालेलं आहे, तुमच्या आधी.

फोन बारा हजारांत बसतो तो असा. एप्रिल २०१८ मध्ये शाओमीने जाहीर केलं होतं, की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. कौतुकाची गोष्ट आहे, पण मग धंदा चालतो कशावर? इंटरनेट सेवांवर, आणि त्यात जाहिराती मोठ्या. याच एका कंपनीचं असं नाही, स्वस्त फोनांचा सगळा बाजार कमीअधिक याच हिशेबावर उभा आहे. तुमच्या मुलाने बारा हजार दिले, उरलेले तुम्ही डोळ्यांनी फेडायचे.

गूगलच्या अ‍ॅप्सबद्दल तर कोर्टकचेरीही होऊन गेली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड लावला आणि आधीच बसवलेली अ‍ॅप्स लोकांना काढू द्या असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण 'काढू द्या' हा भाग रद्द केला. म्हणजे आयोगाने आपल्या हातात दिलेलं बटण पाच महिन्यांत परत गेलं.

आता काम. चहा घेऊन बसा. एकेका अ‍ॅपवर बोट दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो' उघडा. अनइन्स्टॉल असेल तर दाबा. नसेल तर वरच्या तीन ठिपक्यांत 'अपडेट अनइन्स्टॉल करा' असतं, ते आधी. त्याने बाहेरच्या खोलीत वाढलेला त्याचा पसारा जातो. मग डिसेबल. डिसेबल झालेलं अ‍ॅप आतली थोडी जागा अडवून बसतं, पण चालत नाही, नेट वापरत नाही, नोटिफिकेशन पाठवत नाही. तेही बटण फिकं असेल तर परमिशनमध्ये जाऊन लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट, एसएमएस एकेक बंद करा. हाकलता येत नसलं तरी हातपाय बांधता येतात. सुरुवात त्या कर्जाच्या अ‍ॅपपासून करा.

आणि पुढच्या वेळी नवा फोन दुकानदाराला 'चालू करून' द्यायला सांगू नका. तो घाईत प्रत्येक पानावर 'ओके, ओके' करतो, आणि आधीच टिक केलेले सगळे चौकोन तुमच्या गळ्यात पडतात. आमच्या धंद्यातले काही जण त्याच पाच मिनिटांत आपल्या पदरची दोन अ‍ॅप्सही टाकतात, इन्स्टॉलमागे कमिशन असतं. मलाही विचारलं होतं. मी नाही म्हटलं, त्यात थोरपणा काही नाही, मला उठून तीच काढत बसावी लागली असती.

लालबागहून एक गृहिणी:
सासूबाईंच्या फोनची स्क्रीन उघडायच्या आधीच रोज नवं चित्र, खाली बातमी नाहीतर नटीचा व्हिडिओ. त्या वेळ बघायला बटण दाबतात, बोट लागतं आणि कुठलं तरी पान उघडतं. त्यांना वाटतं त्यांनीच काहीतरी बिघडवलं.

सासूबाईंना पहिल्यांदा सांगा, तुम्ही काही बिघडवलेलं नाही. बोट लागावं म्हणूनच ते तिथे ठेवलेलं असतं. बहुधा हे ग्लान्स आहे. बंगळुरूच्या इनमोबी समूहाची ही सेवा बऱ्याच कंपन्यांच्या फोनांत लॉक स्क्रीनवर आधीच बसवलेली येते. सेटिंगमध्ये लॉक स्क्रीन, त्यात ग्लान्स, आणि बंद. सॅमसंग असेल तर लॉक स्क्रीनमध्ये 'वॉलपेपर सर्व्हिसेस' आहे, तिथे 'नन' निवडा. मग एकवीरेचा फोटो लावा, नाहीतर नातवाचा.

शाओमी असेल तर आणखी एक. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत 'ऑथोरायझेशन' टाइप करा, यादीत 'एमएसए' नावाचं काहीतरी दिसेल. फोनभर जाहिराती वाटणारा तो. त्याचं बटण बंद करायला गेलं की दहा सेकंद थांबायला लावतो, विचार बदलेल या आशेने. कधी 'जमलं नाही' म्हणतो. नेट चालू ठेवून पुन्हा दाबायचं, चिवटपणे, लालबागच्या रांगेत उभं राहतो तसं.

विलेपार्ल्याहून एक वाचक:
बहिणीशी फक्त तोंडाने प्रेशर कुकरबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर कुकरच्या जाहिराती. आधीपासून बसवलेल्या या अ‍ॅप्सपैकी कुणीतरी ऐकतंय, याबद्दल माझी खात्री आहे. खरं सांगा.

खरं सांगते, आणि तुम्हाला ते आवडणार नाही. ऐकल्याचा पुरावा सापडलेला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही हाती लागलं नाही. सापडलं ते दुसरंच: काही अ‍ॅप्स स्क्रीनवर काय चाललंय त्याची चित्रं तिऱ्हाइताकडे पाठवत होती.

कुकर कसा पोचला? तुम्ही बोललात, पण बहिणीने बहुतेक शोधलं. तुम्ही तिच्या घरी बसून तिचंच वायफाय वापरलंत, दोघींचे फोन तासभर एका छताखाली होते. जाहिरातवाल्यांना कान लागत नाहीत, शेजारपण पुरतं. प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातीसाठी एक ओळख-आकडा असतो. एका अ‍ॅपने काय पाहिलं आणि दुसऱ्याने काय, ते याच आकड्याखाली एकत्र टाचलं जातं. सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती, तिथे 'जाहिरात आयडी हटवा' आहे. ते करा. जाहिराती थांबणार नाहीत, पण तुम्हाला ओळखणाऱ्या कमी होतील.

अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, माइक किंवा कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. प्रायव्हसीमध्ये एक डॅशबोर्ड आहे, गेल्या २४ तासांत लोकेशन, माइक, कॅमेरा कोणी वापरला याची वेळेनिशी यादी. माझ्या स्वतःच्या फोनात मी ती पहिल्यांदा उघडली, तेव्हा हवामानाचं अ‍ॅप रात्रभर माझं लोकेशन विचारत होतं. मी झोपले होते. गिरगावातच.

पण "ऐकत नाही" म्हणजे "निर्धास्त राहा" नव्हे. तुमची शंका माइकच्या बाबतीत चुकली, आधी बसवलेल्यांच्या बाबतीत नाही. तुम्ही प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप परवानगीसाठी तुमच्या तोंडाकडे बघतं. आतल्या खोलीतल्याला ती कारखान्यातच मिळालेली असू शकते, तुमच्यापुढे तो 'अलाउ'चा चौकोन येतच नाही. स्पेनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये एक मोठी पाहणी झाली, २१४ कंपन्यांचे १,७०० हून अधिक फोन आणि त्यांत आधीच भरलेली ८२,००० हून जास्त अ‍ॅप्स. आत कोण बसलंय, त्याला कोणी बसवलं आणि ते माहिती कुठे नेतंय, हे बाहेरच्या माणसाला कळायची सोयच नाही, असं चित्र त्यातून पुढे आलं. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये पन्नासहून अधिक संस्थांनी सुंदर पिचाईंना उघडं पत्र लिहिलं: ही अ‍ॅप्स लोकांना कायमची काढता आली पाहिजेत.

आणि एक जुनी गोष्ट, जी मला कुकरपेक्षा जास्त छळते. नोव्हेंबर २०१६ मध्ये क्रिप्टोवायर या अमेरिकी कंपनीने दाखवून दिलं, की तिथे विकले जाणारे ब्लू नावाचे काही स्वस्त फोन एसएमएसचा मजकूर, संपर्कांची यादी, कॉलची नोंद हे सगळं ठरावीक वेळाने चीनमधल्या सर्व्हरवर पाठवत होते. मेसेज दर ७२ तासांनी जात. हे करत कोण होतं, तर फोनला अपडेट आणून देणारं सॉफ्टवेअर. अ‍ॅड्युप्स त्याचं नाव. त्याला ना चिन्ह, ना हिरवी खूण. कुलूप लावणारा माणूसच चावीची नक्कल करत होता. असलं काही माझ्या टेबलावर आलं तर मला दिसणारही नाही, हे कबूल करते.

घाटकोपरहून एक बँक कर्मचारी:
आता सरकारी अ‍ॅपही प्रत्येक फोनात सक्तीने येणार म्हणे. त्याबद्दल मत काय?

येणार होतं. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला फोन कंपन्यांना आदेश दिला: ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनात 'संचार साथी' बसवा, दुकानांपर्यंत पोचलेल्या फोनांत अपडेटमधून पाठवा, आणि त्याची कामं कुणाला बंद किंवा मर्यादित करता येता कामा नयेत. गदारोळ झाला. मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले, नको असेल तर डिलीट करा. आदेशातली भाषा वेगळी आणि मंत्र्यांची वेगळी, असे दोन दिवस गेले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली.

माझं मत विचारताय तर, अ‍ॅप कामाचं आहे आणि सक्ती चूक होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मे २०२३ पासून संचार साथीचं पोर्टल आहे. दादरला ६ वाजून काही मिनिटांच्या लोकलला लोंबकळताना फोन गेलेली माणसं माझ्याकडे येतात, नवा घ्यायला नव्हे, "त्यातलं वाचवता येईल का" म्हणून. मी त्यांना पोलीस तक्रारीची प्रत घेऊन त्या पोर्टलवर फोन ब्लॉक करायला लावते. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा १५ आकडी ओळख-क्रमांक, लागतो. तो स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की दिसतो, पण फोन चोरीला गेल्यावर डायल कशावर करणार? आजच घरातल्या सगळ्यांचा वहीत लिहून ठेवा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही तिथे कळतं. माझ्या एका शेजाऱ्याच्या नावावर दोन अनोळखी निघाली.

पण जे स्वतःहून घ्यावंसं वाटतं ते कोंबून का भरवायचं? खेळ कोंबणाऱ्या कंपनीला मी जो नियम लावते तोच इथेही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. तुम्ही बँकेत आहात, मुदत म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

अंधेरीहून एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी:
काकू, तुम्ही फारच घाबरट सल्ले देता. कॉम्प्युटरला जोडून एडीबीने कुठलंही सिस्टिम अ‍ॅप दोन मिनिटांत उडवता येतं. मी माझ्या फोनातली साठ उडवली. लोकांना हे का सांगत नाही?

काकू तर काकू. सांगते, ऐक.

वाचकांसाठी थोडक्यात: एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन. सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपरचा मेनू उघडतो. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करून फोन कॉम्प्युटरला जोडायचा आणि एकेका अ‍ॅपच्या नावाने आज्ञा द्यायची. चालतं, खोटं नाही. पण 'उडवलं' हा शब्द चूक आहे, बाळा. ती आज्ञा अ‍ॅपला फक्त तुझ्यापुरतं, म्हणजे त्या फोनाच्या पहिल्या वापरकर्त्यापुरतं काढते. मूळ फाइल आतल्या खोलीत तशीच पडून असते. तुझी साठही आहेत. रिसेट मार, साठही उठून बसतील.

आता माझी गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वी मीही तुझ्याच तोऱ्यात होते. ताडदेवच्या एका बाईंचा फोन आला, हळू चालतो म्हणून. मी यादी काढली आणि सटासट सुरू झाले. नावं इंग्रजी, ठिपक्याठिपक्यांची. एक नाव बघून वाटलं हे थीमचं काहीतरी दिसतंय, गेलं तर गेलं. फोन बंद करून चालू केला आणि लोगोवर अडकला. तासभर लोगो. त्या थीमच्या नावाखाली होमस्क्रीनला लागणारं काहीतरी होतं. परत आणायचीही आज्ञा असते, पण फोन तिथपर्यंत यायला तर हवा. शेवटी रिसेट. हल्लीच्या फोनांत साठवण कुलूपबंद असते, चिप काढून वाचायचे दिवस गेले. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो फक्त त्या फोनात होते, आणि बॅकअप आहे का हे मी विचारलंच नव्हतं.

मी पैसे घेतले नाहीत. बाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. अजून कधी नॉव्हेल्टी सिनेमाच्या बाजूला फुटपाथवर दिसतात. मी काउंटरखाली स्क्रू शोधायला लागते.

म्हणून माझे सल्ले घाबरट. तुला करायचंच असेल तर आधी डिसेबल, मग आठवडाभर तसाच वापर. अलार्म वाजतो का, कॉल येतो का, बँकेचा ओटीपी येतो का बघ. काही अडलं नाही तर ते एकच काढ, नाव कागदावर लिही, मग पुढचं. झालं की डीबगिंग बंद कर. ते चालू दिसलं तर काही बँकांची अ‍ॅप्स उघडतच नाहीत, आणि कुठल्याही चार्जिंग पॉइंटला जोडायच्या फोनात ते चालू ठेवू नये. सगळंच पुसून कंपनीच्या सिस्टिमऐवजी लिनिएजओएससारखं दुसरं अँड्रॉइड टाकायचं असेल तर ते तुझ्या जुन्या फोनावर टाक, आईच्या नको. साठ उडवून तुझा फोन चालतोय, त्याबद्दल अभिनंदन. नशीब चांगलं आहे, लॉटरी काढून बघ.

शिवाजी पार्कहून एक वाचक:
आम्ही आयफोन वापरतो. आमच्याकडे हा प्रश्न नाही, बरोबर?

कमी आहे. तिऱ्हाइतांची अ‍ॅप्स भरून येत नाहीत हे खरं. अ‍ॅपलची स्वतःची मात्र येतात, आणि त्यातली बरीचशी काढायची मुभाही २०१६ मध्ये, आयओएस १० ला मिळाली. त्याआधी लोक 'नको ती' नावाचं फोल्डर करून शेअर बाजाराचं अ‍ॅप त्यात कोंबत. एप्रिल २०२१ पासून दुसरी अ‍ॅप्स तुमचा माग काढायच्या आधी विचारतात, तिथे 'नको' म्हणा. तुम्ही जास्तीचे पन्नास हजार आधीच मोजलेत, मुलुंडचे गुरुजी हप्त्याहप्त्याने मोजतायत.

शेवटचं पत्र नाही, माणूस आहे. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या एक मावशी काउंटरवर आल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते:
पोराला फोन घेतला हप्त्यावर. एक हप्ता चार दिस उशिरा गेला, तर फोन बंद! नुसता कंपनीचा नंबर दिसतो. हप्ता भरला, चालू झाला. पोरगं म्हणतो त्यातलं ते अ‍ॅप काढून आण. तू काढशील?

नाही काढलं. निघतच नाही, हे खरं कारण. हप्त्याच्या फोनात कर्ज देणारा एक कुलूपवालं अ‍ॅप बसवतो आणि त्याला फोनाच्या मालकाचा दर्जा देतो. तुम्ही पाहुणे, तो मालक. फॉरमॅट मारला, सॉफ्टवेअर मारलं तरी बऱ्याच फोनांत ते परत येतं, कारण खरी नोंद फोनात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर आयएमईआयपुढे असते. "हजार रुपयांत काढून देतो" म्हणणारे दोन दुकानांपलीकडे मिळतील. त्यांनी काढलेले फोन महिन्याभराने माझ्याकडे येतात, पुन्हा कुलूप लागून. सेकंडहँड फोन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: विकणाऱ्यासमोर रिसेट मारा, वायफायला जोडा आणि पहिल्या पानापासून चालू करून बघा. हप्ता थकलेला असेल तर तिथेच उघडं पडतं.

मावशींच्या बाबतीत मी दोन गोष्टी केल्या. त्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी होती, ती काढली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय, की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनातल्या फाइल्स, संपर्कांची यादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, लोकेशन वगैरे एकदाच, तेही विचारून. परवानगी काढल्यावर अ‍ॅप जरा कुरकुरलं, मग गप्प बसलं. कुणी वसुलीच्या नावाखाली नातेवाइकांना फोन करायला लागला तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवायचं, तो आकडा त्यांच्या पोराच्या फोनात 'चोर' या नावाने सेव्ह करून दिला. त्यांनीच नाव सुचवलं.

दुसरं, शेवटचा हप्ता भरला की कर्ज फिटल्याचं पत्र मागायचं आणि "कुलूप काढा" असं लेखी म्हणायचं. हे एका कागदावर मराठीत लिहून दिलं. कागद त्यांनी घडी करून बटव्यात ठेवला, हप्त्याच्या पावत्यांच्या वर. तीन हप्ते राहिलेत. कुलूप निघालं की दाखवायला येणार आहेत, येताना जवळा आणते म्हणाल्या. मी नको म्हटलेलं नाही.